कोपरा झाकून

सिंधूताई टेंभुर्णे पाटबंधारे खात्याच्या नागपूरच्या कचेरीत ट्रेसर होत्या. इंजिनियर लोकांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा तलम कापडावर शाईनं उतरवायचा, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही धरण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण विदर्भातल्या कितीतरी धरणांच्या भिंती त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. कचेरीत नवीन मुलगी लागली की त्या तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. "रेघेलेही जाडी असते, बाई. तिची कोणती कड धरायची हे ठरवल्याशिवाय पट्टी लावू नको."

त्यांचे यजमान मारोतराव रेल्वेच्या टपाल डब्यात सॉर्टर होते. धावत्या गाडीत उभ्या उभ्या पत्रं खणांत लावायची, गाव कोणतं आणि गाडी कोणती हे पत्त्यावर नजर पडताच ओळखायचं. दारू नाही, तंबाखू नाही, चालणं भरपूर. असा माणूस एकोणीसशे शहाऐंशीच्या मार्चात एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता कलंडला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा गेली. वाचा अगदीच गेली असं नव्हे. एक शब्द राहिला. बल्लारशा, त्यांच्या गाडीच्या वाटेवरचं गाव. चहा हवा असला तरी बल्लारशा, नको असला तरी बल्लारशा. राग आला की तोच शब्द दातांतून निघे, आणि शेजारच्या अंजनाबाई "कसे हा भाऊजी?" म्हणून डोकावल्या की तोच शब्द हसून येई. प्रतापनगरातल्या त्या दोन खोल्यांत सिंधूताई हळूहळू त्या एका शब्दाचे पंधरावीस अर्थ शिकल्या. पायानं साथ दिली, काठीच्या आधारानं मारोतराव अंगणापर्यंत जाऊ लागले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखाच राहिला.

दोन वर्षांनी धंतोलीतल्या ओमप्रकाश डॉक्टरांनी त्यांना तपासायला बोलावलं. डॉक्टर पस्तिशीचे, उत्साही. परदेशी शिकून आले होते आणि येताना सोनोग्राफीचं मशीन घेऊन आले होते. तोवर नागपुरात सोनोग्राफी म्हटलं की बाळंतपण नाहीतर मूतखडा, एवढंच लोकांना ठाऊक. हे डॉक्टर मानेवर यंत्र फिरवून मेंदूकडे जाणारी नस पाहत.

मारोतरावांच्या मानेला गार चिकट औषध लावून डॉक्टरांनी यंत्राची दांडी टेकवली. पडद्यावर करडी धूळ उडाल्यासारखं दिसलं आणि मग त्यातून एक काळा पट्टा आडवा उमटला.

"ही नस, ताई. काळं आहे ते वाहतं रक्त. ही वरची भिंत, ही खालची. खालच्या भिंतीत दोन पांढऱ्या रेघा दिसून राहिल्या ना, एकीखाली एक? त्यांच्यातलं अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या अस्तराची जाडी. जितकी जाड, तितकी नस म्हातारी."

"आनि यांची?"

डॉक्टरांनी पडदा थांबवला, बटणं दाबून दोन खुणा ठेवल्या. एक पूर्णांक एक मिलिमीटर. पुन्हा ठेवल्या. एक पूर्णांक तीन.

"जाडच आहे," ते म्हणाले.

सिंधूताई पडद्याकडे वाकून पाहत होत्या. "डॉक्टरसाहेब, रेघेची जाडी धरली का सोडली?"

"म्हणजे?"

"पयल्या खेपेले तुमी वरच्या रेघेच्या खालून मोजलं, दुसऱ्या खेपेले वरून. वरच्या रेघेची वरची कड धरली, तर खालच्या रेघेचीही वरचीच कड धरा लागते. नाईतर दर वेळी नवा आकडा येईन."

डॉक्टर हसले, आणि हसता हसता थांबले. टेबलाच्या खणात एक इटालियन लेख होता, दोनच वर्षांपूर्वी छापलेला. त्यात नेमकं हेच लिहिलं होतं, वरची कड ते वरची कड. ते समजायला त्यांना दोनदा वाचावं लागलं होतं.

"ताई, तुम्ही काय काम करता?" त्यांनी विचारलं.

असं ते सुरू झालं. डॉक्टरांच्या मनात शहाऐंशी माणसांचा अभ्यास होता. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि ज्यांना नाही, अशांच्या नसांच्या भिंतींची तुलना. परदेशात हे मोजायला संगणक होते. इथे सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओतून पडद्यावरचं चित्र पाचपट मोठं करून घेता येत होतं, एवढंच. फोटोचं पाकीट सिंधूताईंकडे येई. रविवारी सकाळी खिडकीशी टेबल ओढून, उजेड डावीकडून घेऊन त्या बसत. आधी भिंग, मग टोकदार पेन्सिलीनं दोन बारीक रेघा, मग डिव्हायडर. दर फोटोत पाच ठिकाणी मोजायचं आणि सरासरी वहीत लिहायची. पहिलाच फोटो मारोतरावांचा होता. एक पूर्णांक दोन शून्य.

काम त्यांना आवडलं. धरणाची भिंत आधी कागदावर असते आणि मग उभी राहते. ही भिंत आधीच उभी होती, कुणाच्या तरी मानेत धडधडत होती, आणि कागदावर मागाहून येत होती. कुठे रेघ स्वच्छ, नुकत्या सारवलेल्या ओट्याच्या कडेसारखी. कुठे फुगलेली, तुटकी, मध्येच धुक्यात गेलेली. तिथे थांबावं लागे, भिंग मागेपुढे करावं लागे, आणि शेवटी आपणच ठरवावं लागे की रेघ इथून गेली असणार.

प्रत्येक फोटोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात यंत्रानं उमटवलेली पांढरी अक्षरं असत. नंबर, वय, बाई की पुरुष, आणि रक्तदाब असला तर इंग्रजी एच.

त्या एचवर सिंधूताईंची नजर दर वेळी अडे. याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मारोतराव पडले त्याच्या आधीचं वर्षभर ते अधूनमधून म्हणत, "सिंधू, डोकं जड झालं वं." सिंधूताई म्हणत, "रात्रपाळीचं जागरन हाय ते. बाम लावा आनि झोपा." शंभर वेळा तरी बाम लावला असेल. दवाखान्यात पडल्यावर नर्सनं दंडाला पट्टा बांधला आणि पारा चढला तो दोनशेच्या वर. एवढा त्रास किती दिवसांपासून आहे, असं तिथल्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा सिंधूताईंनी "ठाऊक नाई" म्हटलं. ते खोटं होतं. पट्टा बांधायला पाच मिनिटंही लागत नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि मग ते कधी विसरता आलं नाही.

पावसाळा सरेपर्यंत शहाऐंशी फोटो मोजून झाले. डॉक्टरांनी बेरजा-सरासऱ्या मांडल्या आणि फोन नसल्यामुळे स्वतःच स्कूटर घेऊन प्रतापनगरात आले. दारातूनच बोलायला लागले. रक्तदाब असलेल्यांची भिंत सरासरी शून्य पूर्णांक सत्त्याण्णव, नसलेल्यांची सदुसष्ट. तीस शतांशांचा फरक!

"ताई, बाहेरच्या लोकांनाही इतका साफ फरक मिळाला नाही. जानेवारीत इथंच कॉन्फरन्स आहे. मी आजच सारांश पाठवून राहिलो."

सिंधूताईंनी चहा टाकला. त्यांना आनंद झाला का, हे त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं की तीस शतांश ऐकल्यावर त्यांच्या मनाला एक कडू समाधान मिळालं. म्हणजे ते तसंच होतं. बामाच्या एकेका बोटाबरोबर भिंत चढत गेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत त्या फोटोंची पाकिटं लावत होत्या. एक फोटो जास्तीचा निघाला. मागे नंबर नाही, आणि छापताना कागद सरकल्यामुळे वरचा कोपराच गायब. स्टुडिओवाल्यानं चुकून काढलेली दुसरी प्रत असावी. हात रिकामे होते म्हणून त्यांनी तोही मोजला. शून्य पूर्णांक शहात्तर. बरी नस आहे कुणाची तरी, असं म्हणून बाजूला ठेवला.

तास-दीड तासानं दुसरं पाकीट लावताना त्यांचा हात थांबला. एका फोटोत काळ्या पट्ट्याच्या वर तीन ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. तेच तीन ठिपके त्या बिनकोपऱ्याच्या फोटोत होते. दोन्ही शेजारी ठेवले. एकच चित्र. याच्या कोपऱ्यात मात्र अक्षरं होती: एकसष्ट, पुरुष, एच. वही काढली. त्यांच्याच अक्षरात आकडा होता, शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

सिंधूताईंनी दोन्ही फोटोंवर भिंग धरलं. चित्रात खालची रेघ एका जागी धुक्यात जात होती. कोपरा नसलेल्या फोटोत त्यांनी पेन्सिल धुक्याच्या वरून नेली होती. कोपरा असलेल्यात खालून. दोन्हीकडे हात कापला नव्हता, कड चुकली नव्हती. फक्त जिथे ठरवायचं होतं तिथे त्यांनी एचला जाड ठरवलं होतं.

त्यांनी आणखी दहा फोटो घेतले, कोपऱ्यावर काळा कागद चिकटवला, आधीच्या पेन्सिलीच्या रेघा खोडल्या आणि पुन्हा मोजले. एच असलेले सहा होते. सहाच्या सहा पातळ झाले. नसलेले चार होते, त्यातले तीन थोडे जाड झाले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्या धंतोलीत गेल्या.

"मोजनी चुकली, डॉक्टरसाहेब," त्यांनी उभ्यानंच सांगितलं.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. "दहा फोटोंवरून काय होते, ताई? थोडंफार तर इकडेतिकडे होणारच."

"इकडेतिकडे होत नाई ना. एकाच अंगानं होऊन राहिलं. एच दिसला का माझा हात खाली जाते."

"सारांश गेला आहे. मंजूर होऊन आला आहे." त्यांचा आवाज चढला. "आता मी काय लिहू, माझ्या ट्रेसरबाईचा हात खाली जाते म्हणून?"

"खरं असन तर थेच लिहा."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. बाहेर रुग्ण बसले होते. ते म्हणाले, "तुम्हालेच काहून वाटलं पुन्हा मोजावं? कोणाला कळलं असतं?"

"धरनाच्या नकाशात असं झालं असतं तर मी मुकाट बसली असती का?" त्या म्हणाल्या. "सगळे फोटो मले परत काढून द्या. कोरे. कोपरे झाकून मोजते."

डॉक्टरांनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. सिंधूताई बसनं घरी आल्या. चौथ्या दिवशी दवाखान्यातला माणूस शहाऐंशी कोऱ्या प्रतींचा गठ्ठा आणून देऊन गेला. वर चिठ्ठी होती, "तुमचं बरोबर आहे. ओमप्रकाश."

आता प्रश्न आला झाकायचं कुणी. सिंधूताईंनी स्वतः काळे कागद लावले तर लावताना अक्षरं दिसणारच. अंजनाबाईंना इंग्रजी अक्षरं कळत नव्हती, पण त्यांच्या हाती गठ्ठा दिला असता तर अर्ध्या वस्तीनं फोटो पाहिले असते. सिंधूताई विचार करत खाटेकडे वळल्या. मारोतराव नेहमीप्रमाणे पंख्याकडे बघत पडले होते.

"अवो," त्या म्हणाल्या, "सॉर्टिंग करान का?"

मारोतरावांनी मान वळवली.

काम समजावून सांगायला त्यांना फार बोलावं लागलं नाही. कोपरा झाकायचा. मागे नवीन नंबर टाकायचा. जुना नंबर आणि नवा नंबर वेगळ्या वहीत लिहायचा आणि वही आपल्या उशाखाली ठेवायची. मग गठ्ठा असा पिसायचा की कुठला कुठे गेला ते तुम्हालाही सांगता येऊ नये. आकडे त्यांना समजत होते, फक्त तोंडातून येत नव्हते. आणि सिंधूताईंनी कितीही विचारलं असतं तरी ते एकाच गावाचं नाव सांगू शकत होते. असा सॉर्टर डॉक्टरांना परदेशातही मिळाला नसता.

पहिल्या दिवशी डाव्या हातानं सात कोपरे झाले, तेही तिरके. डिंक बोटांना, बनियनला, काठीला. मारोतरावांनी चिडून बशी ढकलली, "बल्लारशा!" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी सिंधूताई कचेरीतून आल्या तेव्हा बशी पुन्हा टेबलावर होती. मारोतरावांनी कुठूनतरी बुटांचे रिकामे खोके काढून, उभे आडवे ठेवून खण केले होते. आठवड्याच्या शेवटी हात सरावला. एक फोटो, एक दुहेरी पट्टी, एक ठोसा, खणात. बोटांना काहीतरी जुनं आठवत होतं. आकडे मात्र शाळेत नुकत्याच घातलेल्या मुलासारखे मोठाले आणि वाकडे येत.

सिंधूताईंनी महिनाभराची रजा टाकली. सकाळचा उजेड असेपर्यंत दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसत. ते एक फोटो सरकवत, त्या मोजत आणि पालथा घालत. धुक्याच्या जागी आल्यावर आता कुणी मदतीला नव्हतं. वय नाही, एच नाही. कधी कधी त्या पंधरा मिनिटं एकाच फोटोवर बसत आणि शेवटी लिहीत, "इथे दिसत नाही." असं त्यांनी आधी एकदाही लिहिलं नव्हतं.

चाळीसेक फोटो उरले होते तेव्हा एक असा आला की भिंत थोडी जाड, पण रेघ बरीच अखंड. त्यांनी मोजला, शून्य पूर्णांक शहाण्णव. पालथा घालायला गेल्या तर मारोतरावांनी डावा हात त्यावर ठेवला. मग हळूच नखानं कोपऱ्यावरचा काळा कागद सोलला.

नंबर एक. चोपन्न, पुरुष, एच.

त्यांचा स्वतःचाच फोटो होता. तो गठ्ठ्यात होताच, ते सिंधूताईंच्या ध्यानात नव्हतं राहिलं. मारोतरावांच्या मात्र राहिलं होतं, आणि मागे टाकलेला त्याचा नवा नंबरही.

सिंधूताईंनी जुनी वही उघडली नाही. एक पूर्णांक दोन शून्य तोंडपाठ होतं. आतापर्यंत केलेल्या सेहेचाळीस फोटोंच्या यादीवरून त्यांनी बोट फिरवलं. शहाण्णवच्या वरचे नऊ होते. त्यातल्या कुणाचा हात लुळा होता, कुणाचा नव्हता, ते उशाखालच्या वहीतूनही कळणार नव्हतं. यांच्यापेक्षा जाड भिंती घेऊन माणसं सावनेरच्या खाणीत उतरत असतील, सायकलवर बसून घरी जात असतील.

"मी तुमाले बाम लावत राहिली," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा निघाला. "वर्षभर डोकं दुखे तुमचं. एकदा पट्टा बांधून आनला असता तर गोळी भेटली असती. दवाखान्यात मले विचारलं तवा मी खोटं बोलली. म्हून मले सगळ्या एचवाल्यायची नस जाड दिसे. तुमची तर सगळ्यात जाड."

मारोतरावांच्या ओठांवर तो शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. मग डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी आपल्या कपाळावर ठेवली, गोल गोल फिरवली, बाम लावल्यासारखी. नंतर तीच बोटं स्वतःच्या छातीवर दोनदा आपटली. मी. मीही.

तेही गेले नव्हते दवाखान्यात. रेल्वेचा डॉक्टर टपाल कचेरीच्या शेजारी बसे. हे सिंधूताईंना ठाऊक नव्हतं असं नाही, पण या अडीच वर्षांत त्यांनी ते एकदाही हिशेबात धरलं नव्हतं. सारा दोष स्वतःच्या नावावर घ्यायची सिंधूताईंना इतकी घाई झाली होती की माणसाला स्वतःचं डोकं असतं हेच राहून गेलं.

त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. मारोतरावांनी टेबलावर टकटक केलं आणि पुढचा फोटो सरकवला.

डिसेंबरात सगळं संपलं. डॉक्टरांनी पुन्हा सरासऱ्या काढल्या. रक्तदाबवाले पंच्याऐंशी, बाकीचे चौऱ्याहत्तर. फरक अकरा शतांश. नाहीसा झाला नव्हता, पण तीसचा अकरावर आला होता. डॉक्टरांनी जानेवारीत कॉन्फरन्समध्ये तोच वाचला, आणि आधीचा आकडा का चुकला होता तेही सांगितलं. मोठ्या सभागृहाऐवजी त्यांना वरच्या मजल्यावरची लहान खोली मिळाली. वीसेक जण होते. मुंबईच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी म्हटलं की अकरा शतांशांसाठी एवढा खटाटोप करायची गरज नव्हती. मागच्या रांगेतल्या एका डॉक्टरबाईंनी मात्र झाकायची पद्धत विचारून घेतली आणि लिहून नेली.

संध्याकाळी डॉक्टर कोटटायसकटच प्रतापनगरात आले. पडेल चेहऱ्यानं खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं.

"ताई, खरं सांगू? तीस असताना मला झोप येत नव्हती आनंदानं. आता अकरा आहे तर वाटून राहिलं, हे माझं आहे. कोणी हलवू शकणार नाही." मग स्वतःशीच म्हणाले, "पण तीस बरे होते."

सिंधूताई हसल्या. "मलेही बरे वाटत होते, साहेब. थे काहून, थे मात्र नका विचारू."

डॉक्टरांनी खरंच विचारलं नाही. पिशवीतून नवीन पाकीट काढलं. खापा आणि सावनेरकडच्या तीस जणांचे फोटो होते, यापुढे दर महिन्याला येणार होते. "झाकून आणायचे होते, वेळ झाला नाही. मीच लावतो आता," असं म्हणत त्यांनी डिंकाची बाटली ओढली आणि चार फोटो झाकून समोरच्या खोक्यात टाकले.

मारोतराव काठी टेकत आले. खोक्यात डोकावून त्यांनी मान हलवली, चारही फोटो बाहेर काढले, एकेक कोपरा उजेडाकडे धरून डॉक्टरांच्या नाकासमोर नेला. कागदाखालून अक्षरं दिसत होती. पट्टी एकेरी लावली होती. त्यांनी डॉक्टरांच्या हातून बाटली काढून घेतली, त्यांना खुर्ची सरकवायची खूण केली आणि स्वतः टेबलाशी बसले. डॉक्टर निमूटपणे शेजारी बसून काळे कागद कापून देऊ लागले.

सिंधूताईंनी आत जाऊन तिघांचा भात टाकला.